खोपीची खोली

वाडीतल्या खोपीची राहायची खोली करायची, ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण नात्यागोत्यात आजही ती दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, समजली जाते. दादा असेपर्यंत कुणी तो विषय काढला की ते "चुकलंच आमचं" एवढंच म्हणायचे आणि पान लावायला घ्यायचे. मी शेजारीच बसलेला असायचो, आढ्याकडे बघत. त्यांनी ते अंगावर घेतलं आणि मी खुशाल घेऊ दिलं. आता दादा नाहीत, आई नाही, माझेही गुडघे पायऱ्या उतरताना कुरकुरतात. मग लपवायचं तरी कुणापासून?

आमचं घर नागावात, रस्त्याकडे तोंड करून. पुढे ओटी, मग माजघर, माजघराला लागून बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. पडवीच्या पायऱ्या उतरलं की विहीर, आणि विहिरीपलीकडे नारळी-पोफळीची वाडी थेट समुद्राकाठच्या सुरूच्या बनापर्यंत. बाळंतिणीच्या खोलीला नाव तेवढं मोठं, खोली लहानच. शेणानं सारवलेली जमीन, वितभर खिडकी, भिंतीत एक फडताळ. मे महिन्यातसुद्धा आत शिरलं की अंगाला गार लागायचं. ओव्याचा आणि जुन्या गोधड्यांचा वास यायचा. मी आणि माझी ताई, मंदा, दोघंही त्याच खोलीत जन्मलो. घरात बाळंतीण नसेल तेव्हा तिथं लोणच्याच्या बरण्या आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा राहायच्या, तरी नाव मात्र बदलायचं नाही. "बाळंतिणीच्या खोलीतनं चार कांदे आण गं," असं आई म्हणायची.

खोप होती ती विहिरीच्या पलीकडे, माडांच्या अगदी बुडाशी. चार खांब, कुडाच्या भिंती, वर झावळ्यांचे विणलेले झाप. आत नारळाच्या सोडणांचा छपरापर्यंत ढीग, कोयते, दोर, मोडक्या रहाटाचं चाक, आणि दर वर्षी एका मांजरीची पिल्लं. पावसाळ्यात तिथं कुजलेल्या काथ्याचा वास सुटायचा. लहानपणी लपाछपी खेळताना ताई हटकून तिथं लपायची आणि मला माहीत असूनही मी तिला तिथं शोधायला शेवटी जायचो, कारण आत उंदीर होते.

त्या सुमाराला मुंबईचे लोक लाँचने मांडव्याला उतरून आमच्याकडे यायला लागले होते. शनिवार-रविवार समुद्रावर माणसंच माणसं. गावातल्या दोन-तीन घरांनी पडव्या झाडून त्यांना राहायला दिल्या, आणि त्या घरांतली माझ्या वयाची पोरं एकदम ऐटीत बोलू लागली. मी तेव्हा अलिबागला कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. घरातलं हाय-न्हाय मला बोचायला लागलं होतं. मी मुद्दाम "आहे, नाही, अर्थातच" असं बोलायचो आणि ताई पदर तोंडाला लावून हसायची. "अर्थातच आलं बघ जेवायला," म्हणायची. तिचं लग्न आदल्याच वर्षी मुरूडकडे झालं होतं. आणि त्या हिवाळ्यात तिचा निरोप आला, की मे महिन्यात दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतं. आईनं त्या दिवसापासून जुनी लुगडी धुऊन मऊ करायला घेतली.

मी मात्र दादांच्या मागे लागलो होतो. खोपीला विटांच्या भिंती, खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचे पत्रे, की झाली खोली. पाहुण्यांना लांबची, वेगळी जागा आवडते, असं मी कुठूनतरी ऐकून ठेवलेलं. दादा म्हणाले, "भिंती घाल, फरशी घाल. पण पत्रा नको. माडाच्या खाली कोण पत्रा घालतो रं?" मी म्हटलं, झापाखाली झोपायला मुंबईचे लोक कशाला येतील? दादांनी मान खाजवली. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मीच पहिला, त्यामुळे मी काहीही बोललो तरी ते पुस्तकातलं असेल असं त्यांना वाटायचं. मी त्याचा भरपूर फायदा घेत असे.

आम्ही दोघांनीच ती खोली उभी केली, गवंडी फक्त भिंतींपुरता. सोडणं बाहेर काढायलाच चार दिवस गेले. मी फरशी बसवली, ती थोडी तिरकी बसली. भिंतींना आकाशी रंग दिला. खिडकीला हिरवी झडप केली, आणि दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी लावली, "सागर-समीर". त्या खोलीतून सागर दिसत नव्हता आणि तिथं समीर कधी फिरकलाही नव्हता. तरी मी रोज संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून ती पाटी बघायचो. खरं सांगायचं तर आयुष्यात मी स्वतःच्या हातानं केलेली ती पहिली गोष्ट, आणि तिचा मला फार गर्व झाला होता.

ताई मेच्या सुरुवातीला आली आणि आठवड्याभरात अलिबागच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. ती अजून दवाखान्यातच होती, त्या दिवशी आमचे पहिले पाहुणे आले. दादरकडची दोन कुटुंबं, दहा दिवसांसाठी. त्यांतल्या थोरल्या गृहस्थांना सगळे साहेब म्हणत. ते आल्या आल्या मला म्हणाले, "तूच का इथला मॅनेजर?" झालं. मी फुगलो तो फुगलोच. एका कुटुंबाला माजघर दिलं, आणि साहेबांच्या कुटुंबाला मोठ्या दिमाखात वाडीतल्या खोलीकडे नेलं. भर दुपार होती. आत भट्टी पेटवल्यासारखं झालेलं. साहेबांच्या बायकोनं बॅग खाली ठेवली न ठेवली, तोच वरून माडाचं एक हिरवं बोंड पत्र्यावर पडलं. बंदुकीसारखा आवाज झाला. बाई किंचाळल्या. अर्ध्या तासात ते सामानासकट परत ओटीवर आले. साहेब हसत म्हणाले, "मॅनेजर, हे काही जमायचं नाही. ती आतली गार खोली आहे ना, ती द्या. नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

ती आतली गार खोली म्हणजे बाळंतिणीची. आईनं ती आदल्याच दिवशी सारवून ठेवली होती. कोपऱ्यात शेगडी मांडली होती, फडताळात बारशासाठी घेतलेलं ताईचं नवं लुगडं आणि बाळाची कुंची ठेवली होती. दादांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. आई चुलीपाशी उभी होती. दादा हळू आवाजात म्हणाले, "त्यांना जाव दे दुसरीकडं. पोरगी पहिल्या बाळंतपणाला आली हाय." आणि मी म्हणालो, हे शब्द माझेच आहेत आणि मला ते जसेच्या तसे पाठ आहेत, "नाहीतरी दहा दिवस सोयर आहे. तिला वेगळंच ठेवायचं ना? मग वाडीतली खोली काय वाईट? नवी आहे, वेगळी आहे."

मूल जन्मल्यावर दहा दिवस आमच्याकडे सोयर पाळतात, बाळंतिणीला कुणी शिवत नाही, हे खरं. पण ते मला त्या क्षणापर्यंत कधी आठवलं नव्हतं. उलट असल्या चालीरीती जुनाट आहेत, असं मी ताईच्याच लग्नात चारचौघांत बोललो होतो. दादांनी पुन्हा मान खाजवली. पाहुणे जायला नकोत असं त्यांनाही आतून वाटत असणार, आणि मी त्यांना चांगलं धार्मिक कारण हातात दिलं. "ते बी खरंच," ते म्हणाले. आईनं शेगडी उचलली आणि पडवीच्या पायऱ्या उतरून वाडीकडे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी ताई बाळाला घेऊन आली. रिक्षातून उतरून ती सवयीनं ओटीच्या पायरीवर चढली, तेव्हा आई म्हणाली, "बाय, इकडनं ये, मागनं." ताईनं ओटीवर पत्ते खेळणारी माणसं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगितलं की तुझ्यासाठी खास नवी खोली केली आहे. तिनं ती पाटी वाचली आणि थोडं हसली. "समीर कुठाय रे?" म्हणाली, आणि आत गेली.

पुढचे तीन दिवस मी आजही नीट आठवू धजत नाही. सकाळी उन्हं माडांवरून उतरायची आणि नऊलाच पत्रे कडकडायला लागायचे. बाळंतिणीला शेक हवा, धुरी हवी, म्हणजे त्या भट्टीत आणखी शेगडी. आई बिचारी एका बाजूला पाहुण्यांसाठी कोलंबी सोलायची, तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि त्यातून वेळ काढून ताईसाठी अळिवाची खीर करायची. ती एकदा बुडाला लागली, एकदा ताईपर्यंत पोचता पोचता संध्याकाळ झाली. वाडगा पदराखाली झाकून आई मागच्या दारानं जायची, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. स्वतःच्या घरात स्वतःच्या मुलीसाठी केलेली खीर. वरून बोंडं पडायची ती पडतच होती. दर वेळी बाळ दोन्ही हात फेकून दचकायचं, मग जे रडायला लागायचं ते निळं होईपर्यंत. ताई एकदा मला म्हणाली, "विनू, वर थोडे झाप तरी टाक रे." मी म्हटलं, टाकतो. आणि गेलो साहेबांना शहाळी काढून द्यायला. झाप पडवीतच पडले होते. अर्ध्या तासाचं काम होतं.

बाळ सहा दिवसांचं झालं त्या दुपारी साहेब विहिरीजवळ दोन माडांना झोळी बांधून पडले होते. मला हाक मारून म्हणाले, "मॅनेजर, ते मूल फार रडतंय हो. आणि धूरसुद्धा इकडेच येतोय. जरा बघा ना." ते वाईट बोलले असं नाही. त्यांना बहुधा माहीतही नव्हतं की आत कोण आहे. मी सांगितलं नव्हतं. मी खोलीपाशी गेलो आणि म्हटलं, "ताई, धुरी मागाहून कर. पाहुण्यांना त्रास होतोय. आणि ही खिडकी लावून घेतो." ती खाटेवर बसून बाळाला पदरानं वारा घालत होती. केस कपाळाला चिकटलेले. तिनं खिडकीकडे बघितलं, मग म्हणाली, "लाव." एवढंच. मी झडप बाहेरून ओढली आणि कडी घातली.

दुपारच्या एसटीनं ताईच्या सासूबाई आल्या. आधी कळवलं नव्हतं, नातवाला बघायला कोण कळवून येतं? नऊवारी, हातात झाकलेली टोपली, त्यात डिंकाचे लाडू. ओटीवर कुणी नव्हतं. त्या तडक माजघरातून बाळंतिणीच्या खोलीपाशी गेल्या आणि दार लोटलं, कारण सून दुसरी कुठं असणार? आत साहेबांच्या बायको आडव्या झाल्या होत्या. मी पाठोपाठ धावत आलो, तोवर त्या बाईंचं बोलणं माझ्या कानांवर पडलं. "आम्हाला काही घ्यायचं नाही हो. मालकीणबाईंना विचारा." टोपली बघून त्यांना सासूबाई काहीतरी विकायला आलेल्या वाटल्या.

सासूबाई मागे सरल्या. मला बघून म्हणाल्या, "मंदा कुठं हाय?"

मी म्हणालो, "ताई वाडीत गेली आहे. जरा वाऱ्याला बसलीय."

"सहाव्या दिवशी? बाळंतीण वाऱ्याला?"

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि विहीणबाईंना बघून तिचा चेहरा पडला. ती पुढे झाली, मागून सासूबाई, त्यांच्या मागे मी. सासूबाईंनी खोलीचं दार उघडलं. आतली हवा अंगावर आली. त्या उंबऱ्यावर थांबल्या, मग वळून चार पावलं चालत बाहेरच्या बाजूला गेल्या, झडपेची कडी काढली आणि खिडकी सताड उघडली. बाळ ओल्या फडक्यावर उघडंच निजलं होतं. मानेवर, पाठीवर घामोळं उठलेलं, अंग तापलेलं. ताई घाईघाईनं उठून उभी राहिली.

"आत्याबाई, मीच मागून घेतली ही खोली," ती म्हणाली. "घरात पाव्हण्यांचा गलका फार. हितं कसं शांत वाटतं."

तेवढ्यात वर बोंड पडलं. बाळ दचकलं आणि किंचाळून रडू लागलं. सासूबाईंनी पत्र्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. सून माहेरासाठी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते खोटं पाडलं नाही. त्यांनी बाळाला उचललं, पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "उठ मंदा. पाचची गाडी हाय. घरी जाव."

आई रडकुंडीला आली. "विहीणबाय, बारसं व्हव द्या. अजून सोयर हाय, वाटेत कुठं न्हेता?"

"सोयर तर आमचं हाय, तुमचं न्हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमी पाळू. माझा राग न्हाय तुमच्यावर. पोराला ऊन बाधलंय, म्हनून न्हेते." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं, रागावता आलं असतं.

दादा पाहुण्यांच्या पोरांना घेऊन समुद्रावर गेले होते, ते परतले तेव्हा ताई गाठोडं बांधत होती. त्यांच्या हातात चार शहाळी होती. ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही, तसेच उभे राहिले. आईला एकदम आठवलं की बारशाचं लुगडं आणि कुंची आत फडताळात आहे. सोयरात ओटी भरता येत नाही, निदान ते तरी पोरीबरोबर द्यावं. ती मला म्हणाली, "विनू, जा, दार वाजव आनि आनून दे." खोलीत आता साहेबही जाऊन निजले होते. मी दारापर्यंत गेलो. हात वर केला. आणि परत आलो.

"ते झोपलेत," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघत राहिली. ताईनं गाठोडं उचललं. "असूं दे गं," ती आईला म्हणाली, "नको उठवू कुणाला." आणि माझी बहीण पहिलं बाळंतपण करून रिकाम्या हातांनी माहेरच्या मागच्या दारानं निघून गेली. एसटीच्या थांब्यापर्यंत दादा गेले. मी गेलो नाही. साहेब उठले की त्यांना चहा द्यायचा होता.

पाहुणे आणखी चार दिवस राहिले. जाताना साहेबांनी माझी पाठ थोपटली, "मॅनेजर, पुढच्या वर्षी नक्की," म्हणाले. आणि मला त्याही वेळी बरं वाटलं. पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावत आलो की वय लहान होतं, वगैरे. पण एकोणीस म्हणजे काही लहान वय नव्हे. घरातली सगळ्यात गार खोली कुणाची, हे मला चांगलं समजत होतं.

बाळाचा ताप मुरूडला दोन दिवसांत उतरला. बारसं तिकडेच झालं. लुगडं घेऊन दादा एकटे गेले, आईला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मीही पाहुण्यांचं निमित्त सांगितलं, पण त्या दिवशी पाहुणे नव्हते. मी दिवसभर खोपीवर चढून पत्र्यावर झाप अंथरत बसलो होतो. दादांनी परतल्यावर ते बघितलं आणि हातपाय धुवायला गेले. ताईचं दुसरं बाळंतपण सासरीच झालं. तिची लेक, माझी भाची, आमच्या बाळंतिणीच्या खोलीत निजायची राहिलीच.

मी पुढे हाच धंदा केला. मोठ्या वादळात ते पत्रे उडून सुरूच्या बनात जाऊन पडले, आणि मला गुपचूप आनंद झाला. आता तिथं पक्की इमारत आहे, एसीच्या चार खोल्या आहेत, लोक फोनवर फोटो बघून येतात आणि जाताना तारे देऊन जातात. सूनबाई ते सगळं बघते. येणारे म्हणतात, तुमच्याकडे अगदी घरच्यासारखं वाटतं. मी मान डोलावतो.

ताई येते. गणपतीला येते, भाऊबीजेला येते, मला ओवाळते, माझ्या नातवंडांना "अर्थातच"ची गोष्ट सांगून हसवते. तिनं त्या मे महिन्याचा शब्दही कधी काढलेला नाही. दुसरी कुणी असती तर विसरली म्हटलं असतं. पण ती सकाळच्या गाडीनं येते आणि संध्याकाळच्या गाडीनं जाते. इतक्या वर्षांत एकदाही राहिलेली नाही. कधी गुडघे, कधी मांजर, कधी नातवाची परीक्षा.

गेल्या भाऊबीजेला मी ठरवून एकही खोली कुणाला दिली नव्हती. घर मोकळं, वाडी मोकळी. सूनबाईनं तिच्यासाठी अंथरूणसुद्धा घालून ठेवलं होतं, त्याच आतल्या खोलीत. मी ओटीवर वाट बघत बसलो होतो. ताई रिक्षातून उतरली, काठी टेकत अंगणात आली, आणि पायरीपाशी थांबली. ती नेहमीच तिथं थांबते. त्या दिवशी मात्र मला ते बघवेना.

"आत कुणी न्हाय ना रे?" तिनं विचारलं.

"ताई, कुणी नाही. घर आहे तुझं. ये ना."

"व्हय रे," ती म्हणाली, "पन इचारलेलं बरं." आणि मी "ये" म्हणेपर्यंत, पुन्हा एकदा म्हणेपर्यंत, ती तशीच खाली उभी राहिली.